थकलेले बिल आणि बर्लिनचे वेडिंग न्यायालय

जर्मनीतील कोणत्याही कंपनीचे पत्र हातात घेतले, की त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ हमखास आढळते. तीत आधी ‘आम्ट्सगेरिश्ट’ हा शब्द आणि एखाद्या शहराचे नाव असते, मग ‘एचआरबी’ ही अक्षरे आणि त्यापुढे एक क्रमांक. मस्जिद बंदरच्या ज्या निर्यात पेढीत मी कागदपत्रांचे काम पाहतो, तिथे सुती चादरी, टेबलक्लॉथ आणि स्वयंपाकघरातील कापडी सामान युरोपात जाते, त्यामुळे ही ओळ आमच्या फायलींमध्ये जागोजागी आहे. माल वेळेवर जातो आणि पैसे वेळेवर येतात तोपर्यंत तिच्याकडे पाहण्याचे कारण नसते. पैसे थकले, की पत्रावरची सर्वांत उपयोगाची ओळ तीच ठरते. आम्ट्सगेरिश्ट म्हणजे जर्मनीतील स्थानिक न्यायालय. मुंबईत कंपन्यांची नोंद कंपनी निबंधक या सरकारी अधिकाऱ्याकडे असते. जर्मनीत व्यापारी नोंदवही स्थानिक न्यायालय सांभाळते, आणि आपली नोंद कोणत्या न्यायालयात कोणत्या क्रमांकाने आहे हे मर्यादित कंपनीने आपल्या व्यावसायिक पत्रावर छापलेच पाहिजे असा तिथला कायदा आहे. ऑगस्ट २०२२ पासून ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनाशुल्क पाहता येते.

एका खरेदीदाराकडे आमची रक्कम अडकली तेव्हा फोर्टमधील आमच्या वकीलबाईंनी सांगितले की, जर्मन कायद्यात भारतासारख्या देशातील धनकोसाठी एक ठरलेले न्यायालय आहे आणि ते बर्लिनमधील वेडिंग या भागात आहे. खरेदीदार हॅम्बुर्गचा असो वा म्युनिकचा, आरंभीचा अर्ज वेडिंगलाच करायचा. एका कामगार वस्तीतल्या तळाच्या न्यायालयाकडे साऱ्या जगाची थकबाकी का जावी, हे कोडे मला स्वस्थ बसू देईना. त्या निमित्ताने या न्यायालयाविषयी जे वाचले आणि जे कामात उपयोगी पडले, ते इथे लिहीत आहे.

आम्ट्सगेरिश्ट हे नाव आज जर्मनीच्या प्रत्येक लहानमोठ्या गावाला परिचित असले, तरी त्याचे सध्याचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. त्याआधी जर्मन भूमीवर अनेक राज्ये होती आणि प्रत्येकाची न्यायव्यवस्था वेगळी होती. प्रशियात १८४९ पर्यंत मोठ्या जमीनदारांची स्वतःची न्यायालये होती; म्हणजे ज्याच्या शेतात राबायचे, त्याच्याच नेमलेल्या न्यायाधीशासमोर त्याच्याविरुद्धची तक्रार मांडायची. १८७१ मध्ये साम्राज्य स्थापन झाल्यावर सर्व राज्यांना एकच चौकट देण्यासाठी २७ जानेवारी १८७७ रोजी न्यायालय रचना कायदा झाला. पाठोपाठ दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेचे कायदे झाले आणि हे सगळे १ ऑक्टोबर १८७९ रोजी एकाच वेळी अमलात आले. त्यातून चार पायऱ्यांची उतरंड तयार झाली. तळाशी आम्ट्सगेरिश्ट, त्यावर जिल्हा पातळीचे लांडगेरिश्ट, त्यावर प्रांताचे वरिष्ठ न्यायालय आणि शिखरावर लाइपझिगचे साम्राज्य न्यायालय. शिखरावरचे न्यायालय पुढे बदलले, परंतु तळाची पायरी आजही त्याच कायद्याने चालते. आज जर्मनीत अशी सहाशेहून अधिक स्थानिक न्यायालये आहेत आणि दिवाणी दाव्यात तिथे एकटा न्यायाधीश बसतो. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या इलाखा शहरांच्या लघुवाद न्यायालयांचा कायदा १८८२ चा आहे, म्हणजे जर्मन कायदे लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी झालेला. धोबी तलावाच्या न्यायालयात आजही त्या कायद्याची कलमे वाचली जातात.

बर्लिनची लोकसंख्या १८७१ मध्ये सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १९०५ पर्यंत ती वीस लाखांच्या वर गेली. इतक्या मोठ्या शहराला आरंभीची मोजकी न्यायालये पुरेनात, म्हणून शहराची आणि उपनगरांची नव्याने वाटणी करण्यात आली आणि १९०६ मध्ये जी नवी स्थानिक न्यायालये सुरू झाली, त्यांत वेडिंग हे एक होते. त्याची इमारत ब्रुनेनप्लाट्स या चौकात १९०१ ते १९०६ या काळात उभी राहिली. पाउल टोएमर आणि रुडोल्फ म्योनिश या वास्तुविशारदांनी तिच्यासाठी माइसेन येथील आल्ब्रेष्ट्सबुर्ग या पंधराव्या शतकातील गढीचा नमुना समोर ठेवला. किराणा दुकानदाराची उधारी आणि खोलीचे थकलेले भाडे यांचे निवाडे करण्यासाठी राजवाड्याच्या थाटाची गॉथिक इमारत कशासाठी, असा प्रश्न छायाचित्रे पाहताना पडतो. ओव्हल मैदानासमोर १८७८ मध्ये पूर्ण झालेली आपली उच्च न्यायालयाची इमारतही गॉथिकच आहे, परंतु ती इलाख्याचे सर्वोच्च न्यायपीठ म्हणून बांधलेली होती. बर्लिनच्या राज्यकर्त्यांनी तोच डौल शेवटच्या पायरीला दिला. न्यायालयात येणारा कामगार दबून जावा हा हेतू त्यामागे होता, की त्याच्या लहानशा दाव्यालाही राज्य तितकेच महत्त्व देते हे दाखवायचे होते, याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या अनुभवाने देईल. मला पहिला हेतू अधिक खरा वाटतो.

कारण वेडिंग आणि शेजारचा गेझुंडब्रुनेन हा भाग म्हणजे बर्लिनचे गिरणगाव होते. तिथे एईजी या विद्युत कंपनीचे प्रचंड कारखाने होते आणि कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या इमारती अंगणामागे अंगण अशा खोलवर गेलेल्या असत. आकरस्ट्रासे या रस्त्यावरचा १८७४ मध्ये बांधलेला मायर्स होफ हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध वाडा. एकामागे एक सहा अंगणे आणि भरगर्दीच्या काळात सुमारे दोन हजार माणसे एवढा त्याचा पसारा होता, आणि त्याचा उरलेला भाग १९७२ मध्ये पाडला जाईपर्यंत तो उभा होता. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला त्याचे वर्णन समजावून सांगावे लागणार नाही. मे १९२९ च्या पहिल्या तीन दिवसांत बंदी झुगारून निघालेल्या कामगार दिनाच्या निदर्शनांवर पोलिसांनी याच वेडिंगमध्ये आणि नॉयक्योल्नमध्ये गोळ्या चालवल्या आणि तीसहून अधिक माणसे मारली गेली. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, बर्लिनमध्ये भाडे न देण्याचे संपही झाले. अशा वस्तीतील न्यायालयात सर्वाधिक कोणत्या कागदांची चळत असेल, हे सांगायला नको.

घरभाड्याचे दावे हा या न्यायालयाच्या अधिकाराचा कणा आहे, आणि मुंबईकराला सर्वांत ओळखीचा वाटेल असा भागही हाच आहे. जर्मन कायद्यात सामान्य दिवाणी दावा कोणत्या न्यायालयात जाणार हे रकमेवर ठरते. स्थानिक न्यायालयाची मर्यादा दीर्घकाळ ५,००० युरो होती आणि ती दुप्पट करण्याचा निर्णय तिथल्या संसदेने २०२५ मध्ये घेतला. राहत्या घराच्या भाडेकराराचे वाद मात्र रक्कम कितीही असली तरी स्थानिक न्यायालयातच चालतात. घर जाण्याची वेळ आलेल्या माणसाला दूरच्या आणि खर्चिक न्यायालयात खेचले जाऊ नये, हे त्यामागचे कारण. मुंबईत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ३३ ने नेमकी अशीच तरतूद केली आहे. दक्षिण मुंबईतील कोट्यवधींच्या मालमत्तेचा पागडीचा दावासुद्धा लघुवाद न्यायालयातच दाखल होतो, नगर दिवाणी न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात नाही. नाव ‘लघु’वादाचे आणि दावे मोठमोठ्या इमारतींचे, ही विसंगती इथल्या वकिलांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी लक्षही देत नाही. फरक दावा मिटायला लागणाऱ्या काळात आहे. आमच्या चाळीतील एक दावा आजोबांनी लावला आणि नातवाने मिटवला, आणि मुंबईत असे दावे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

भाड्याच्या पलीकडे स्थानिक न्यायालयाच्या हाती कौटुंबिक प्रकरणे, वारसाहक्क, पालकत्व, जमिनीची नोंदवही, दिवाळखोरी, मालमत्तेचा सक्तीचा लिलाव आणि लहान फौजदारी खटले अशी कामे येतात. फौजदारीत या न्यायालयाला चार वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा देता येते आणि तुलनेने गंभीर खटल्यांत न्यायाधीशासोबत दोन सामान्य नागरिक बसतात. मात्र प्रत्येक स्थानिक न्यायालय प्रत्येक काम करतेच असे नाही. बर्लिनमध्ये दहाच्या वर स्थानिक न्यायालये असून त्यांनी कामे विषयवार वाटून घेतली आहेत. साऱ्या शहराचे स्थानिक पातळीवरचे फौजदारी खटले टियरगार्टनच्या न्यायालयात चालतात, तर कंपन्यांची नोंदवही शार्लोटेनबुर्गकडे असते. श्योनेबेर्गच्या न्यायालयाकडे आलेले काम तर आणखी वेगळे आहे. ज्या जर्मन नागरिकाचे जर्मनीत कधी वास्तव्यच नव्हते, अशा एखाद्याचे मुंबईत निधन झाले तर त्याच्या वारसपत्राचे काम श्योनेबेर्गलाच जाते. ज्याला देशात दुसरा पत्ता नाही त्याच्यासाठी कायद्याने एक पत्ता आधीच ठरवून ठेवायचा, ही पद्धत मला जर्मन न्यायव्यवस्थेची सर्वांत विचारी बाजू वाटते, आणि वेडिंगचे महत्त्वही त्याच पद्धतीतून आले आहे.

ते सांगण्यापूर्वी या न्यायालयांच्या इतिहासातील एक काळ ओलांडून जाणे योग्य होणार नाही. हिटलर सत्तेवर आल्यानंतर ७ एप्रिल १९३३ रोजी नोकरशाहीविषयक कायदा झाला आणि ज्यू न्यायाधीशांना, तसेच राजकीय विरोधक समजल्या जाणाऱ्यांना पदांवरून दूर करण्यात आले. बर्लिनच्या न्यायालयांत आणि वकिलीत ज्यू विधिज्ञांची संख्या मोठी असल्यामुळे हा घाव तिथे फार खोल गेला. त्यानंतर १४ जुलै १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक रोग असल्याचे ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचे आदेश देणारी विशेष न्यायालये निर्माण झाली, आणि ती स्थानिक न्यायालयांनाच जोडलेली होती. एक स्थानिक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर बंद दाराआड बसून निर्णय देत. नाझी राजवटीत सुमारे चार लाख माणसांवर अशी सक्ती झाली असे मानले जाते. ही आकडेवारी वाचताना छळछावण्यांचे चित्र डोळ्यांसमोर येते, पण हे काम रोजच्या न्यायालयीन कामकाजाच्या रीतीने, नोंदवही क्रमांक आणि अपिलाची मुदत यांच्यासह झाले होते. प्रक्रिया काटेकोर होती म्हणून न्याय झाला असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

युद्धानंतर बर्लिनचे चार भाग झाले आणि वेडिंग फ्रेंच विभागात आले. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली तेव्हा बर्नाउअरस्ट्रासे या रस्त्याचा पदपथ वेडिंगमध्ये, म्हणजे पश्चिमेत, आणि त्याच्या एका बाजूची घरे पूर्वेत, अशी अवस्था झाली. पूर्व जर्मनीने १९५२ च्या कायद्याने स्थानिक न्यायालयांची जुनी रचना मोडून त्यांच्या जागी नवी जिल्हा न्यायालये आणली. पश्चिमेत जुनी उतरंड तशीच राहिली. त्यामुळे काही पावलांच्या अंतरावर राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांना दोन निराळ्या न्यायव्यवस्था लागू होत्या. आज वेडिंगच्या न्यायालयाचे स्थानिक अधिकारक्षेत्र जुना वेडिंग भाग आणि उत्तरेकडील राइनिकेनडोर्फ यांच्यापुरते आहे. त्याच्या दिवाणी निर्णयांविरुद्धचे अपील बहुतांश प्रकरणांत लांडगेरिश्ट बर्लिन २ कडे जाते, कारण १ जानेवारी २०२४ पासून बर्लिनचे लांडगेरिश्ट दोन स्वतंत्र न्यायालयांत विभागले गेले. पहिले फौजदारीसाठी आणि दुसरे दिवाणीसाठी. त्याच्याही वर बर्लिनचे वरिष्ठ न्यायालय आहे, ज्याने कामरगेरिश्ट हे आपले पंधराव्या शतकापासूनचे नाव अजून सोडलेले नाही.

आता आमच्या बिलाकडे वळतो. वेडिंगला जगाशी जोडणारी गोष्ट म्हणजे ‘मानफेरफारेन’, म्हणजे थकबाकीच्या आदेशाची संक्षिप्त प्रक्रिया. ती १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया कायद्यातही होती. तिच्यातील आदेशाला ‘मानबेशाइड’ हे आजचे नाव १९७० च्या दशकातील सुधारणेनंतर मिळाले. कल्पना अशी की, ज्या देण्याविषयी खरा वाद नाही आणि ऋणको केवळ चालढकल करतो आहे, त्यासाठी सुनावणी, साक्षीपुरावे आणि युक्तिवाद यांचा फेरा कशाला? धनकोने अर्ज करावा, न्यायालयाने ऋणकोला आदेश पाठवावा आणि ऋणकोने एकतर पैसे द्यावेत किंवा हरकत घ्यावी. या प्रक्रियेला रकमेची मर्यादा नाही. कोटी युरोंचा अर्जही स्थानिक न्यायालयातच करता येतो. राज्यांनी हे काम मोजक्या ठरावीक न्यायालयांकडे एकवटून यंत्रावर चढवले आहे. बव्हेरियाचे अर्ज कोबुर्गला, हेसेनचे ह्युनफेल्डला, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गचे वेडिंगला जातात. अर्ज धनकोच्या पत्त्यावरून ठरणाऱ्या न्यायालयात करायचा असतो; मग ज्या धनकोचा जर्मनीत पत्ताच नाही त्याचे काय? दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या कलम ६८९ मधील एका वाक्याने त्याचे उत्तर दिले आहे : अशा धनकोसाठी बर्लिनमधील वेडिंगचे स्थानिक न्यायालय हेच एकमेव सक्षम न्यायालय आहे. पूर्वी हा मान श्योनेबेर्गकडे होता. मुंबई, ढाका वा साओ पाउलो यांपैकी कुठल्याही शहरातील व्यापाऱ्याला ही वाट धरायची असेल तर ती ब्रुनेनप्लाट्सवरूनच जाते.

मुंबईत दावा लावून इथला हुकूमनामा तिकडे का नेऊ नये, असे आमच्या शेठनी साहजिकच विचारले. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली ज्या देशांशी परस्पर अंमलबजावणीची व्यवस्था आहे, त्यांच्या यादीत ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती असे देश आहेत, जर्मनी नाही. जर्मन कायदाही परदेशी निकाल मान्य करताना परस्परतेची अट घालतो आणि त्यासाठी तिथे स्वतंत्र दावा करावा लागतो. त्यापेक्षा ऋणकोच्या देशातच सुरुवात करणे शहाणपणाचे. मात्र करारात लवादाचे कलम असेल तर मार्ग वेगळा. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे दोन्ही देशांत अंमलात आणता येतो आणि अशा करारात समोरचा पक्ष हरकत घेऊन लवादाकडे बोट दाखवू शकतो, हे अर्ज करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष अर्जात अडचणीच्या जागा फार थोड्या आहेत, पण ज्या आहेत त्या मुंबईच्या निर्यातदाराला हमखास अडवतात. पहिली जागा चलनाची. या प्रक्रियेत सर्वसाधारणपणे युरोतील ठरावीक रक्कमच मागता येते आणि आपल्याकडची कितीतरी बिले डॉलरमध्ये असतात. बिल डॉलरचे असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी जागा नावाची. ऋणको कंपनी असेल तर तिचे नोंदणीकृत नाव, तिचा कायदेशीर प्रकार आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक यांची माहिती अचूक लागते. ईमेलच्या सहीतले सुटसुटीत नाव चालत नाही, आणि म्हणूनच पत्राच्या तळाशी असलेली ती ओळ आणि तिच्यावरून उघडणारी नोंदवही हाताशी ठेवावी. तिसरी जागा भाषेची. जर्मन न्यायालयाची भाषा जर्मन आहे आणि अर्जही जर्मनमध्येच भरायचा असतो. जर्मन राज्यांच्या न्याय खात्यांनी मिळून चालवलेल्या संकेतस्थळावर अर्ज भरून तो बारकोडसह छापता येतो आणि सही करून टपालाने पाठवता येतो. वकिलांना तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यावा लागतो. पुराव्याची कागदपत्रे जोडायची नाहीत, हे ऐकून आमच्या शेठना फार आश्चर्य वाटले. बिल ऑफ लेडिंग, पॅकिंग लिस्ट, माल मिळाल्याची कबुली देणारा ईमेल असे काहीही नको. रक्कम, ती कशाबद्दल आहे आणि केव्हाची आहे एवढेच पुरते. मागितलेली रक्कम खरोखर देय आहे की नाही हे न्यायालयाने तपासलेले नाही, असे आदेशावरच स्पष्ट छापलेले असते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे यंत्राने निघणाऱ्या या आदेशासाठी शुल्क आगाऊ भरावे लागत नाही. न्यायालय त्याचे बिल मागाहून पाठवते. पुढच्या टप्प्यासाठी मात्र ते भरलेले असावे लागते. शुल्काचा दर पूर्ण एककाच्या निम्मा असतो, म्हणजे नेहमीच्या दाव्याच्या शुल्कापेक्षा कितीतरी कमी.

हा आदेश न्यायाधीश काढत नाही. ‘रेश्ट्सफ्लेगर’ नावाचा एक स्वतंत्र न्यायिक अधिकारी जर्मन न्यायालयांत असतो. कायद्याचे तीन वर्षांचे विशेष शिक्षण घेतलेला आणि आपल्या कामात १९६९ च्या कायद्याने स्वायत्त असलेला. जमिनीची नोंदवही, वारसपत्रांचा मोठा भाग आणि थकबाकीचे आदेश ही कामे तो पाहतो, त्यामुळे न्यायाधीशाचा वेळ खऱ्या वादांसाठी मोकळा राहतो. आपल्याकडे न्यायाधीशांच्या रिक्त जागांची चर्चा सतत होते, परंतु न्यायाधीशाच्या टेबलावर जाणारी किती कामे मुळात न्यायनिवाड्याची असतात, ही चर्चा क्वचित होते. मला वाटते, जर्मन न्यायालयांचा वेग समजून घ्यायचा तर त्यांच्या न्यायाधीशांकडे पाहण्याआधी या अधिकाऱ्यांकडे पाहावे लागेल.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. वेडिंगचे न्यायालय १२ डिसेंबर २००८ पासून युरोपीय थकबाकी आदेशाचेही जर्मनीतील एकमेव न्यायालय आहे आणि इंटरनेटवर शोध घेतला की त्याचीच माहिती प्रथम समोर येते. त्या युरोपीय प्रक्रियेसाठी दोन पक्षांपैकी किमान एक पक्ष न्यायालयाच्या देशाहून वेगळ्या सदस्य देशातील असावा लागतो. धनको मुंबईचा आणि ऋणको जर्मनीचा असेल तर ही अट पूर्ण होत नाही, कारण भारत सदस्य देश नाही. न्यायालय तेच, इमारत तीच, पण आपल्यासाठीचा अर्ज निराळा. आपण देशांतर्गत जर्मन प्रक्रियेतच जायचे.

आदेश बजावल्यापासून ऋणकोला हरकत घेण्यासाठी दोन आठवडे मिळतात. त्याने काहीच केले नाही तर धनकोला वसुली आदेशासाठी अर्ज करता येतो आणि तो मूळ आदेशाच्या बजावणीपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, अन्यथा सगळी मेहनत वाया जाते. वसुली आदेश एकतर्फी हुकूमनाम्याच्या तोडीचा असतो. त्याविरुद्धही दोन आठवड्यांची एक संधी ऋणकोला आहे. हरकत घेणे मात्र अत्यंत सोपे आहे. सोबतच्या छापील कागदावर खूण करून सही केली की पुरते. कारण देण्याचीही सक्ती नाही. आपल्या संहितेतील आदेश ३७ खालचा समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा, पाहिला तर तिथे प्रतिवादीला बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते आणि बचावात काही तथ्य आहे हे दाखवावे लागते. कागदावर आपली पद्धत धनकोला अधिक अनुकूल आहे. प्रत्यक्षात परवानगीच्या अर्जावरच वर्षे जातात आणि धनकोचा फायदा तिथेच संपतो. जर्मन पद्धत ऋणकोवर विश्वास टाकते, म्हणूनच तिला वेग साधतो, असे माझे मत आहे; पण अप्रामाणिक ऋणकोपुढे ती पहिल्याच पावलावर थांबते, हेही मान्य केले पाहिजे.

हरकत आली की वेडिंगचे काम संपते. धनकोने मागणी करून उरलेले शुल्क भरले, तर अर्जात नमूद केलेल्या न्यायालयाकडे, म्हणजे बहुधा ऋणकोच्या गावच्या न्यायालयाकडे, प्रकरण जाते आणि नेहमीचा दावा सुरू होतो. रक्कम मोठी असेल तर तो लांडगेरिश्टमध्ये चालतो आणि तिथे वकील नेमणे सक्तीचे आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा ठरावीक दराने होणारा खर्च द्यायचा हा नियम असल्यामुळे युरोपीय संघाबाहेरील वादीकडून त्या खर्चाची हमी आधीच घ्यावी, अशी मागणी प्रतिवादी करू शकतो. मुंबईच्या लहान पेढीला ही हमीच जड जाते. शिवाय जर्मन न्यायालयाला मुंबईतील पक्षावर रीतसर बजावणी करायची झाली तर ती दिल्लीतील कायदा मंत्रालयामार्फत करावी लागते, कारण हेग बजावणी करारात सामील होताना भारताने थेट टपालाच्या मार्गाला हरकत घेतली आहे. म्हणून जर्मनीत एखादा वकील किंवा प्रतिनिधी आरंभापासून असलेला बरा.

मुदतीचा हिशेबही वेळीच करावा. जर्मन कायद्याखाली पैसे मागण्याची साधारण मुदत तीन वर्षांची असून ती देणे निर्माण झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजली जाते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची सगळी देणी एकाच दिवशी, ३१ डिसेंबरला, मुदतबाह्य होतात आणि डिसेंबरमध्ये या न्यायालयांकडे अर्जांचा लोंढा येतो. अर्ज वेळेत पोहोचला आणि आदेश त्यानंतर लवकर बजावला गेला, तर मुदत थांबते. करारावर भारतीय कायदा लागू होत असेल तर मात्र मुदत वर्षाअखेरीपर्यंत वाट पाहत नाही. मालाच्या किमतीसाठी ती साधारणपणे माल सुपूर्द केल्यापासून मोजली जाते. कोणता कायदा लागू होतो हे ठाऊक नसेल तर आधी संपणारी मुदत धरून चालावे.

वसुली आदेश हाती आला की प्रकरण पुन्हा एका स्थानिक न्यायालयाकडे जाते, परंतु ते वेडिंग असेलच असे नाही. ऋणको ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथला बेलिफ त्याच्या दारात जातो, आणि बँक खाते गोठवण्याचा आदेशही तेच न्यायालय देते. ऋणकोला आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर देणे भाग पाडता येते आणि त्याने टाळले तर त्याचे नाव ऋणकोंच्या नोंदवहीत चढते, जी पाहूनच बँका आणि पुरवठादार पुढे उधारी देतात. मुंबईच्या न्यायालयातील हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, बारा वर्षांच्या आत करावी लागते. जर्मन वसुली आदेशाचे आयुष्य तीस वर्षांचे असते, म्हणून आमच्या शेठनी ती फाइल नेहमीच्या कपाटातून काढून घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवली आहे.